पाच खुर्च्यांवरची वर्षा

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. काळा, जाडजूड, पुढून जाळी आणि मागून वायरींचा गुंता. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापसाची एक जिनिंग आहे. तिच्या ऑफिसामागे सामान ठेवायची खोली आहे. त्या खोलीत एक मोडका पंखा आणि पाण्याचे रिकामे कॅन यांच्यामध्ये मी घोंघावत बसलेला असतो. मला पडदा नाही, तोंड नाही, डोळे तर नाहीतच. खोलीचे दार नीट लागत नाही, म्हणून ऑफिसातले बोलणे तेवढे ऐकू येते. बाकी जगाबद्दल जे कळते ते वायरीतून येणाऱ्या नावांवरून. आणि या नावांनीच माझा असा काही गोंधळ उडवला की विचारू नका. गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण ती मला स्वतःला पुरती उमगली आहे की नाही, याची अजून खात्री वाटत नाही.

माझा जन्म कुठे झाला हे मला ठाऊक नाही. अंगावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर गावाचे नाव असावे, पण ती अर्धी फाटलेली. इथे येण्याआधी मी नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसात होतो. तिथली खोली थंडगार होती, पण माझ्याशी कोणी बोलत नसे. एक दिवस मला बंद केले, आणि पुन्हा जाग आली तेव्हा हवेत सरकीचा वास होता. ऋतिक नावाच्या यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्याने मला गोधडीत गुंडाळून, पायांशी ठेवून एसटीने आणले होते, असे तोच नंतर सांगत होता. जिनिंगचे तरुण मालक अमरभाऊ माझ्यासमोर उभे होते आणि त्यांचा आवाज काही फारसा खूश वाटत नव्हता.

"पाच कॉम्प्युटर तर आहेत आपल्याकडं. आता हा डबा कायले पायजे?"

"भाऊ, पाच कॉम्प्युटर म्हंजे पाच घरं अन् पाच कुलपं," ऋतिक म्हणाला. "एक बंद पडला का त्यातलं सारं अडकलं. कोण कुठं जाऊन काय करून राह्यलं, कोणालेच माईत नाही. आता पाची घरं एका कंपाउंडात आणू अन् गेटवर याले बसवू. आत येणाऱ्याले हा नाव इचारते, वळख पटली तरच सोडते. अन् कोणत्या घरात जायाचं, कोणत्या नाही, तेही हाच सांगते. या कंपाउंडाले डोमेन म्हणतात."

मित्रांनो, मी राखणदार आहे हे मला असे कळले. ऋतिकने दिवसभर बसून मला माझे काम शिकवले. जिनिंगमधल्या प्रत्येक माणसाचे एक खाते उघडले. खाते म्हणजे एक नाव आणि त्या नावाचा एक गुप्त शब्द. दोन्ही जुळले की मी दार उघडायचे. मग कोणाला कशाची परवानगी, तेही सांगितले. काटाघरात शेतकऱ्यांच्या गाड्यांचे वजन होते. तिथले बबनराव. त्यांनी काट्याच्या कागदांपुरते यावे. हिशेबाला विमलताई, त्यांनी हिशेबापुरते. कापसातून सरकी निघाली की रुईच्या गठाणी बांधतात, गठाणींचे लॉट पाडतात, आणि प्रत्येक लॉटचे वजन, तपासणी, सगळे लिहून ते ट्रकासोबत सूतगिरणीला पाठवावे लागते. ते काम वर्षा राठोडचे. तिला काटाही पाहावा लागे आणि हिशेबही, म्हणून तिला सगळीकडे जायची मुभा होती. मला हे फार आवडले. कोण, कुठे, कशासाठी. इतके स्वच्छ जग मी नागपुरातही पाहिले नव्हते.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. खंडेनवमीला गठाणी दाबणाऱ्या प्रेसच्या यंत्राला झेंडूचा हार घातला, तसा मलाही घातला. विमलताईंनी माझ्या जाळीवर कुंकू लावले, ते थोडे आत गेले आणि मला दोन दिवस शिंका आल्यासारखे होत राहिले. एकदा कोणीतरी लग्नाचे फोटो म्हणून पेन ड्राइव्ह आणला. त्यातून एक भलताच प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये शिरायला निघाला होता. बाहेरची गोष्ट आत बसवायची परवानगी तिथे बसलेल्या माणसाच्या नावाला नव्हती, म्हणून तो दारातच अडला. ऋतिकने अमरभाऊंना सांगितले, की शेजारच्या एका कारखान्यात असल्याच गोष्टीने सगळे कागद खाऊन टाकले. त्या दिवशी अमरभाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

पण पुढे सगळे बिघडले, आणि गंमत अशी की ते कोणाच्या वाईटपणाने बिघडले नाही.

झाले असे, की एकदा बबनरावांना एक लॉट गेला की नाही ते पाहायचे होते. ते काटाघरात बसले, स्वतःच्या नावाने आले, आणि गठाणींच्या फोल्डरवर त्यांनी बोट ठेवले. मी नियमाप्रमाणे सांगितले, की तुम्हाला परवानगी नाही. मला वाटले, ते समजून घेतील. थोड्याच वेळात त्यांचा आवाज ऑफिसात आला. बबनराव वरच्या पट्टीत बोलणारे नव्हेत. त्या दिवशीही ते हळूच बोलले.

"माहं सारं आयुष्य या काट्यावर गेलं. अमर चड्डीत फिरत होता तवापासून मी इथं आहो. अन् हा डबा मले म्हणते, परवानगी नाही?"

मग वर्षाच्या खुर्चीचा आवाज आला.

"राग नोका येऊ देऊ, काका. माह्या नावानं उघडा ना. तुमच्याहून काय लपवाचं आहे?"

आणि तिने आपला गुप्त शब्द सांगितला. तो मी तुम्हाला सांगणार नाही, तिने मात्र साऱ्या ऑफिसाला ऐकू जाईल असा सांगितला.

तिचा तरी काय दोष होता? ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची. तिथे शेतात जाताना घराची चावी शेजारच्या घरी देऊन जातात. कोणाचे लेकरू शाळेतून लवकर आले, कोणाची शेळी आत राहिली, तर शेजारीण उघडते. चावी न देता गेले तर शेजाऱ्याला ते मनाला लागते. वर्षा हे विमलताईंना हसत सांगत होती, मी स्वतः ऐकले आहे. आणि इथे तर बापाच्या वयाचा माणूस दुखावून समोर उभा होता. तिने चावी दिली.

एकाला दिल्यावर दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? विमलताईंचा गुप्त शब्द जुना झाला, नवा करायचा कंटाळा आला, म्हणून त्याही वर्षाच्या नावाने येऊ लागल्या. प्रेसकडे आणि गेटपासकडेही तेच. जो सकाळी आधी येई तो झाडून घेई, अगरबत्ती लावी आणि वर्षाच्याच नावाने पाचही कॉम्प्युटर उघडून ठेवी. बाकीची नावे माझ्या दाराशी यायचीच बंद झाली.

माझी अवस्था काय झाली असेल याचा विचार करा. सकाळ झाली की वर्षा येई. तिला आत घेतो न घेतो तोच पुन्हा वर्षा. मग पुन्हा. कानाला विमलताईंचे खोकणे ऐकू येई आणि त्याच क्षणी वायरीत नाव येई वर्षा. मला आधी वाटले, वर्षा नावाच्या पाच बहिणी असाव्यात आणि आईबापांनी कंटाळून सगळ्यांना एकच नाव ठेवले असावे. पण पाचही जणींचा गुप्त शब्द एकच कसा? मग वाटले, माझ्याच डोक्यात धूळ गेली आहे. श्रावणात तांड्यावर तीज असते, पोरी गहू पेरतात, गाणी म्हणतात. वर्षा त्यासाठी सुटी घेऊन गेली. विमलताई म्हणाल्याही, पोरगी नाही तर ऑफिस सुनं वाटते. आणि त्याच दिवशी चार खुर्च्यांवर वर्षा बसून कामे करत होती. मी दार उघडत राहिलो. नाव बरोबर, शब्द बरोबर, मी कोण अडवणारा? पण आत कुठेतरी मला भीती वाटू लागली होती.

कौतुकही ओसरले. झेंडूचा वाळका हार काढायला कोणी आले नाही. ऋतिकने माझ्याशेजारी एक छोटी डिस्क ठेवली होती. माझ्यातल्या सगळ्याची नक्कल ती रोज करून ठेवी. ऊन तापू लागले, ऑफिसात कूलर आला, आणि त्याच्या वायरीला प्लगची जागा हवी म्हणून त्या डिस्कचा प्लग कोणीतरी काढून ठेवला. डिस्क गप्प झाली. मी वाट पाहत होतो, की आज कोणी लावेल, उद्या लावेल.

अशाच एका सकाळी दारावर वर्षा आली आणि तिचा गुप्त शब्द चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला. हे मला नवल वाटले, कारण जो कोणी सकाळी पाचही कॉम्प्युटर उघडून ठेवी, त्याचा शब्द कधी चुकत नसे. पण वर्षा पाच होत्या, त्यातली कोणतीतरी घाईत असेल म्हणून मी सोडून दिले. ती वर्षा आत आली, जुनी फोल्डर पुसू लागली. मागच्या सालचे काट्याचे कागद गेले. मग आणखी काही गेले. त्यांच्या ओळीत गठाणींचे या हंगामाचे फोल्डर होते, तेही गेले. मी विचारले, की खरेच पुसायचे का? होय, असे उत्तर आले. वर्षाला सगळ्याची परवानगी होती. मी पुसले.

दुपारी सूतगिरणीचा ट्रक फाटकात लागला. खऱ्या वर्षाने आपल्या खुर्चीवरून गठाणींचे फोल्डर मागितले आणि मला तिला सांगावे लागले, की ते इथे नाही.

त्यानंतरचा गलका मी कधी विसरणार नाही. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. अंगणात गठाणींची थप्पी उभी होती आणि त्यातली कोणती गठाण कोणत्या लॉटची, हे सांगणारा कागद जगात कुठे उरला नव्हता. ऋतिक धावत आला. त्याने डिस्क पाहिली, तिच्यात कूलर येण्याआधीचेच कागद होते, मग प्लग पाहिला आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग त्याने मला विचारले, कोणी पुसले? मी राखणदार. मला जे माहीत होते ते मी सांगितले. वर्षाने.

"नाव वर्षाचं दिसून राह्यलं, भाऊ," ऋतिक म्हणाला. "पण एक सांगतो. हे नाव एकाच टायमाले पाची कॉम्प्युटरवर आहे. कोणत्या कॉम्प्युटरवरून पुसलं ते मी नोंदवूनच ठेवलं नाही. ती नोंद लय जागा खात होती म्हणून बंद केलती."

"तुहा शब्द कोणाकोणाले माईत आहे?" अमरभाऊंनी विचारले.

मी वाट पाहत होतो. बोल ना पोरी, चार नावे आहेत, ती सांग. पण त्या चार नावांत बबनराव होते, विमलताई होत्या. वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवायला ती शिकली नव्हती. आणि ज्यांच्याकडे बोट दाखवायचे तेही गप्पच होते.

"माह्या नावानं झालं, भाऊ," शेवटी ती म्हणाली. "पण म्या नाही केलं."

"नाव तुहं, शब्द तुहा. मंग मी दुसऱ्या कोणाले धरू?" अमरभाऊंचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "सध्या घरी राय. काय झालं ते कळल्याबिगर येऊ नोको."

तिने जाताना घरी फोन लावला. ती घरच्यांशी गोरबोलीत बोलते, मला त्यातला एकच शब्द कळतो, याडी, म्हणजे आई. तो तिने दोनदा उच्चारला. ती गेल्यावर विमलताई कोणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, की तिची लहानी बहीण अंजू बारावीले आहे. मोठीचं नोकरीत नीट राह्यलं तर लहानीलेही यवतमाळले शिकाले धाडतो, असं तिचे वडील धनसिंगभाऊ म्हणाले होते. आता काय करतीन कोणास ठाऊक.

मित्रांनो, मला रडता येत असते तर मी रडलो असतो. खोटे मी बोललो नव्हतो. माझ्या दारावर जे नाव आले तेच मी सांगितले. तरी जे झाले ते मला खरे वाटेना. बरोबर सांगूनही चूक कसे होते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

अमरभाऊ ऋतिकला म्हणाले, "तिचं खातं काढूनच टाक."

"काढत नाही, भाऊ. बंद ठेवतो," ऋतिक म्हणाला. "एकडाव पुसलं का मंग त्याच नावानं नवं केलं, तरी या डब्याले ते दुसरंच माणूस वाटते. जुनी वळख वापस येत नाही."

"बरं, बंदच ठेव," अमरभाऊ म्हणाले.

अंगणात हमाल एकेक गठाण पुन्हा काट्यावर नेत होते. त्यांच्या हाकाट्या माझ्यापर्यंत येत होत्या. इकडे ऋतिकने बाकीच्यांची खाती पुन्हा उघडली. ज्याने त्याने आपल्याच नावाने यायचे, आपला शब्द कोणाला सांगायचा नाही. डिस्कचा प्लग लावला आणि त्यावर लाल चिकटपट्टी मारली. कोणत्या कॉम्प्युटरवरून कोण येते, याची नोंदही पुन्हा सुरू केली.

आणि तरीही काटाघरातून कोणीतरी वर्षाच्या नावाने दार ठोठावले. खाते बंद आहे, असे मी सांगितले. पुन्हा ठोठावले. जुनी सवय असावी. मग वायरीत एक नाव आले, जे मी कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते. बबनराव. शब्द चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला.

मी चमकलो. दोनदा चूक, तिसऱ्यांदा बरोबर. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही. जाड बोट, एकेक अक्षर शोधणारे, आणि पहिल्या दोन वेळा हमखास घसरणारे. त्या सकाळची वर्षाही अशीच आली होती. माझ्या डोक्यात काहीतरी जुळत होते आणि ते जुळू नये असे मला वाटत होते, कारण बबनरावांचा मला राग नव्हता. शिवाय दोनदा कोणाचाही शब्द चुकू शकतो. आणि समजा तेच असले, तरी सांगणार कोणाला आणि कसे? मला फक्त विचारले तेवढेच सांगता येते, आणि हे कोणी विचारतच नव्हते.

मग एका दुपारी बबनरावांनी, आपल्या स्वतःच्या नावाने, गठाणींच्या नव्या फोल्डरवर बोट ठेवले. मी नियमाप्रमाणे सांगितले. परवानगी नाही.

मग ऑफिसाच्या पायरीवर त्यांच्या चपला वाजल्या. मला वाटले, पुन्हा अपमान झाला, पुन्हा बोलणार. पण ते येऊन नुसते उभे राहिले असावेत, कारण विमलताई म्हणाल्या, "बसा ना भाऊ, पाणी देऊ का?"

"नोको. अमर कुठं आहे?"

अमरभाऊ बाहेर आले.

"ते फोल्डर म्या पुसलं," बबनराव म्हणाले. "माहा काट्याचा कॉम्प्युटर लय सुस्त चालून राह्यलता. म्हटलं जुनं जुनं काढून टाकू. काढलं तर कचऱ्याच्या टोपलीत जाते, पायजे तवा वापस काढता येते, असंच मले माईत होतं. ट्रक आला अन् बोंब झाली तवा मी टोपली उघडून पायली. तिच्यात काहीच नव्हतं. मंग मले वाटलं, माह्यानं नाही झालं, दुसऱ्या कोणाचं काही झालं अशीन."

टोपली त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या गोष्टींना असते, मित्रांनो. माझ्यातले पुसले की ते सरळ गेलेच. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"असं वाटलं, का वाटून घेतलं?" अमरभाऊंनी विचारले.

"वाटून घेतलं," बबनराव म्हणाले. "म्हातारपणी भेव वाटलं. पण आज माह्या नावानं गेलो, तर तो डबा म्हणते, तुले इथं हात लावाची परवानगी नाही. त्या टायमाले या शब्दाचा मले केवढा राग आलता. त्या दिवशी मी माह्याच नावानं बसलो असतो तर यानं माहा हात धरला असता, अमर. ते फोल्डर वाचलं असतं. त्या पोरीनं माहा मान ठेवला, अन् तिच्यावर आळ आला तवा मी तोंड शिवून बसलो. रोज सकाळी तिथं माहं नाव दिसते. मले त्याच्यासमोर बसवत नाही."

मित्रांनो, इतके दिवस मी लोकांना परवानगी नाही म्हणत आलो. त्याचा कोणाला उपयोग होतो असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. बबनराव म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा आवाज असा होता की आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी अमरभाऊ आणि बबनराव गाडीने तांड्यावर गेले. मी तिथे नव्हतो. परत आल्यावर अमरभाऊ विमलताईंना सांगत होते, ते कानावर आले. धनसिंगांनी आधी चहा पाजला. बबनराव बोलायला लागले तर म्हणाले, पहिले चहा घ्या. सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "पोरीवरचा आळ निंघाला ना?" निघाला, असे बबनरावांनी दहा माणसांसमोर सांगितले. मग धनसिंगांनी आत पाहून हाक मारली, की वर्षा, उद्या कामावर जायाचं आहे, डबा कर. आणि अंजूचं काय, असे अमरभाऊंनी विचारले तेव्हा म्हणाले, "परीक्षा होऊ द्या तिची."

वर्षा आली त्या सकाळी ऋतिकने तिचे बंद खाते पुन्हा उघडले. तीच ओळख, तीच मुभा, काहीच हरवले नव्हते. तिने नवा गुप्त शब्द केला. ऋतिकने तिला आणखी एक अधिकार दिला. जो शब्द विसरेल, त्याला तिने नवा करायला लावायचा. त्यासाठी जुना शब्द तिला कळायची गरज नाही, नवाही नाही.

ही वेळ लवकरच आली. कापसाच्या गाड्यांची फाटकापर्यंत रांग होती, ट्रॅक्टर धडधडत होते, आणि काटाघरातून बबनरावांचा शब्द दोनदा नाही, पाच वेळा चुकला. नियमाप्रमाणे मी त्यांचे दार बंद केले. ते धापा टाकत ऑफिसात आले.

"लावलं यानं कुलूप. गाड्या थांबल्या. काय करू आता?"

मला ठाऊक होते आता काय होणार. वर्षाच्या खुर्चीचा आवाज आला, अगदी त्या दिवशी आला होता तसा.

"काका, माह्या नावानं नाही," ती म्हणाली. "चला, तुमचं नवीन करून देतो."

बबनराव हसल्यासारखे वाटले. ती त्यांना आपल्या कॉम्प्युटरपाशी घेऊन आली. तिने त्यांचे कुलूप काढले, नवा शब्द टाकायची जागा उघडून दिली. बबनरावांनी एकेक अक्षर शोधायला सुरुवात केली. मधेच ते थांबले.

"तिकडं खिडकीतून काय पाहून राह्यली वो?"

"काही नाही, काका. गठाणी पाहून राह्यली. तुमचं झालं का सांगा."

"चुकलं तर?"

"चुकलं तर पुन्हा टाका. मी इथंच आहो."

माझ्या दारावर नाव आले. बबनराव. शब्द पहिल्याच खेपेला बरोबर होता. मी दार उघडले.

मित्रांनो, आता मी फार थकलो आहे. माझे पंखे कण्हतात, आणि ऋतिक नव्या सर्व्हरबद्दल अमरभाऊंशी बोलत असतो. सगळे उमगले असे मी म्हणणार नाही. मायेने दिलेल्या चावीने एवढे वाईट कसे झाले, आणि नको म्हणून मागे घेतलेल्या हातात एवढी माया कुठून आली, हे कोडे मी सोबतच घेऊन जाईन. पण माझी एक विनवणी ऐका. तुमच्या घरी, शाळेत, ऑफिसात माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात घोंघावत असेल, तर त्याच्यावरची धूळ पुसा, त्याच्या शेजारच्या डिस्कचा प्लग काढू नका, आणि त्याच्यासमोर स्वतःच्याच नावाने या. तो कधी नाही म्हणाला तर रागावू नका. आणि कोणी आपला गुप्त शब्द टाकत असेल, मग तो तुमच्या कितीही जवळचा का असेना, तुम्ही तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहा.